बारा ओव्यांची वाट

"वैजू, एक लक्षात ठेव. माझ्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घालू नकोस. मुका राहीन, पण उसनं नको."

दिगंबरराव रत्नपारखी हे बोलले तेव्हा नाशिकच्या एका मेंदू-उपचार केंद्रातल्या बाकावर बसले होते आणि पुड्यातले शेवटचे शेंगदाणे शोधत होते. वैजयंतीबाईंना पुढे ते वाक्य आठवलं, की पुड्याचा कागद चुरगळल्याचा आवाजही सोबत ऐकू यायचा.

झटका लहान होता. दोन दिवस जीभ जड झाली, तिसऱ्या दिवशी "चहा" हा शब्द फुटला आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच्याच तपासणीला दोघं संगमनेरहून आले होते. समोरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या डोक्यात गेलेलं बोलणं परत आणणारा नवा 'सांधा' बसवलेला. ते हसऱ्या चेहऱ्याने पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सगळे सुखी राहा, सगळे सुखी राहा." सुना टाळ्या वाजवत होत्या.

दिगंबरराव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा माणूस नाही बोलत. याच्या घरचे बोलताहेत."

"असं अभद्र बोलू नये."

"अभद्र काय त्यात? तीस वर्षं टेलिफोनच्या केबली सांधल्या मी. चुकीची जोडी सांधली तर काय होतं, माहितेय? घंटी वाजते, फोन लागतो, बोलणंही होतं. फक्त भलत्याच माणसाशी." मग त्यांनी ते वाक्य सांगितलं आणि हात पुढे केला. "शब्द दे."

"दिला," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा असे. हे दिगंबररावांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी तो मागितला.

वैजयंतीबाईंचा एक नेम होता. दिवेलागणीला दिवा लावून देवीच्या बारा ओव्या म्हणायच्या. त्यांच्या पणजीने रचलेल्या, कुठे लिहून न ठेवलेल्या, आईकडून मुलीकडे तोंडानेच आलेल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने बजावलं होतं, "आपल्याच घरी, आपल्याच दिव्यापुढे, घराला ऐकू जाईल अशा म्हणायच्या. मनातल्या मनात म्हटलेल्या ओव्या देवीला पोचत नाहीत." चौतीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. लेकीच्या, ऋजुताच्या वेळी त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या नाहीत, त्याचं खरं कारण हेच होतं.

दिगंबरराव देवाधर्मातले नव्हते. त्या वेळी ते ओसरीवर बसून गंमत करायचे, "अकरा झाल्या! एक राहिली. चहाचं आधण ठेवायला हरकत नाही." ओव्या संपल्या की वैजयंतीबाई पळीने वरून त्यांच्या हातावर तीर्थ सोडायच्या. ते मुकाट्याने पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवायचे. "पाणीच आहे ना? पाण्याला कशाला नाही म्हणा," असं वर म्हणायचे.

कधीतरी त्यांनी शेजारी बसावं, एक तरी ओवी आपल्याबरोबर म्हणावी, असं वैजयंतीबाईंना फार वाटायचं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त देवीला माहीत होतं.

दुसरा झटका कार्तिकात आला आणि तो मोठा होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. कळायचं सगळं. डोळ्यांत वाक्यं तयार दिसायची, ओठांपर्यंत येऊन विरायची. हो म्हणायचं असलं की मान आडवी हलायची, नाही म्हणायचं असलं की उभी, आणि मग स्वतःवरच चिडून ते भिंतीकडे तोंड करायचे.

नाशिकच्या डॉक्टर सायमा तांबोळी वयाने ऋजुतापेक्षाही लहान. त्यांनी टेबलावर दोन मुठी ठेवल्या, एकमेकींच्या जवळ, पण न टेकवता.

"काकू, मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते. केसाच्या जाडीचे चार हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी. पेशीच्या आत निरोप विजेसारखा धावतो, पण टोकाला आला की पुढे वाटच नाही. मग तिथे रसायनाच्या इवल्या पिशव्या असतात, त्या उघडतात. रसायन फटीत उतरतं. पलीकडची पेशी ते झेलते. अशा हजारो शेजारणींकडून तिच्यावर थेंब पडत असतात. काही म्हणतात बोल, काही म्हणतात गप्प राहा. सगळ्यांची बेरीज एका उंबऱ्याच्या वर गेली, तरच ती पेटते. अर्धवट पेटणं तिला येत नाही."

वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या, "आम्ही सोवळ्यात तीर्थ देतो ना, तसं. हात लावायचा नाही, वरून सोडायचं. समोरच्याने ओंजळ धरली असली तर पोचलं, नाही तर सांडलं."

डॉक्टरांनी मुठी उघडल्या. "मी आता सगळ्यांना असंच सांगणार. काकांच्या बोलण्याच्या भागातल्या ओंजळ धरणाऱ्या पेशी गेल्यात. अलीकडून निरोप निघतोय, पलीकडे जीभ तयार आहे. मधे कुणी नाही. तिथे आपण सांधा बसवतो. दुधावरच्या सायीसारखं मऊ जाळं असतं ते. अलीकडचा निरोप ओळखतं आणि पलीकडे थेंब सोडतं."

"मग लगेच बोलतील?"

"नाही. कुठल्या निरोपाचा थेंब कुठे सोडायचा, हे त्याला शिकावं लागतं. साठ दिवस ते नुसतं लक्ष ठेवतं. कानावर पडलेलं आपण मनातल्या मनात उच्चारत असतो, त्यावरून ते वाटा ओळखतं. जी वाट जास्त चाललेली, ती रुंद. आपल्या मेंदूतही असंच होतं, पाठांतर म्हणजे दुसरं काय असतं? पण मेंदूला विसरताही येतं. सांध्याला येत नाही. म्हणून काकांशी भरपूर बोला, रोज वेगवेगळं बोला. तीच ती गोष्ट रोज त्याच वेळी, असं नको."

मग एक फॉर्म आला. त्यात प्रश्न होता : घरात रोज ठरलेल्या वेळी काही वाजतं का? रेडिओ, मालिका, गाणी? वैजयंतीबाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'नाही. आमच्याकडे काही लावत नाहीत.'

लिहिताना त्यांच्या मनात किंचितही कपट नव्हतं. ओव्या काही 'लावत' नव्हत्याच कुणी. नेम तो नेम. आपण श्वास घेतो हे कुणी फॉर्मात लिहितं का?

सांधा बसवून घरी आणल्यावर त्या साठ दिवसांत त्या नवऱ्याशी इतकं बोलल्या, जितकं चौतीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. भाजीवालीचं भांडण, प्रवरेचं पाणी, गल्लीत नवीन आलेली बिनड्रायव्हरची कचरागाडी आणि तिला घाबरणारी कुत्री. सगळं रोज नवं. आणि दिवेलागण झाली, की देव्हाऱ्यातला दिवा त्या पलंगाशेजारच्या तिवईवर आणायच्या. आजारी माणसाला तेवढंच पुण्य. बारा ओव्या म्हणायच्या, आणि मग त्यांच्या डाव्या ओंजळीत तीर्थ सोडायच्या. साठ संध्याकाळी. एकही चुकली नाही.

एकसष्टाव्या दिवशी डॉक्टरांनी नाशिकहूनच सांधा सुरू केला. पडद्यावर त्यांचा चेहरा, पलंगाशी ऋजुता, पायाशी वैजयंतीबाई.

"काका, घाई नको. मनात येईल ते म्हणा."

दिगंबररावांनी ओठ ओले केले. मग त्यांचा जुना, जरा खरखरीत, ओळखीचा आवाज खोलीत उमटला :

"उजळ गं माये, दारी आली सांज
वातीमागे वाजू दे पैंजणाची गाज..."

ऋजुता रडायला लागली. जे मागायचं धाडस वैजयंतीबाईंनी केलं नव्हतं तेच पदरात पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका नारळ घेऊन आल्या. "वैजयंतीताई, तुमच्या नेमाला फळ आलं बघा," म्हणत त्यांनी दिगंबररावांना नमस्कार केला. दिगंबररावांनी पाय आखडून घेतले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पुन्हा ओवीच आली. बायकांनी हात जोडले.

बायकांचे हात जोडलेले असतानाच वैजयंतीबाईंची नजर नवऱ्याच्या डाव्या मुठीकडे गेली. मूठ गादीवर आपटत होती. पुन्हा पुन्हा, आवाज न होता.

त्यांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. आनंदात माणूस असं करतो. पण दुपारी दिगंबररावांनी तांब्याकडे बोट दाखवलं, सगळा जीव गोळा केला, आणि त्यांच्या तोंडून निघालं :

"भरल्या घरात उणं नको काही
रित्या ओंजळीला तूच गं माई..."

निघालं ते त्यांनी स्वतःच ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. वैजयंतीबाईंनी पाणी दिलं. अर्धं उशीवर सांडलं.

असे आठ दिवस गेले. ऋजुता पुण्याहून रजा काढून आली होती. तिला ते काही सांगू बघायचे, ती मन लावून ऐकायची, आणि ओवीच ऐकू यायची. तरी ती म्हणायची, "किती गोड म्हणतात बाबा." नवव्या दिवशी दिवेलागणीला वैजयंतीबाई नेहमीप्रमाणे दिवा घेऊन पलंगाशी बसल्या. पहिली ओवी ओठांवर आली, आणि दिगंबररावांचा डावा हात उठला. वाट शोधत तो आला आणि त्यांच्या तोंडावर टेकला.

मारलं नाही. दाबलंही नाही. नुसता ठेवला.

चौतीस वर्षांत नेमाच्या वेळी त्यांना कुणी शिवलं नव्हतं. त्या हाताला अजून, इतक्या वर्षांनी, तांब्याच्या तारांचा वास येतो असा त्यांना भास झाला. आणि तिथेच कुठेतरी शेंगदाण्याच्या पुड्याचा कागद चुरगळला.

मुका राहीन, पण उसनं नको.

त्या दिवशीच्या ओव्या त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन कशाबशा संपवल्या. दिगंबररावांना ऐकू गेल्या असतील की नाही, याचाच विचार करत.

सकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सांध्याच्या नोंदी काढून चाळल्या.

"काकू, संध्याकाळी सात ते सव्वासात घरात काय असतं?"

"काही नाही. दिवा लावते."

"नुसता दिवा?"

"दिवा लावते नि ओव्या म्हणते." बोलता बोलताच त्यांना कळलं. "अगं बाई. मी फॉर्मात..."

"तुम्ही खोटं नाही लिहिलंत," डॉक्टर म्हणाल्या. "मी प्रश्न चुकीचा विचारला. माझी आजीसुद्धा रोज पहाटे पठण करायची. मला सुचायला हवं होतं." मग त्यांनी समजावून सांगितलं. ओव्यांची वाट इतकी रुंद झाली होती, की दिगंबररावांना काहीही म्हणायचं असलं, पाणी, उशी, ऋजुताचं नाव, तरी निरोप घसरून त्याच वाटेला लागत होता. त्यातून शेवटी हातावर पडणारं तीर्थ. मेंदू बक्षिसाची आठवण फार जपतो.

"उपाय?"

"दोन. आहे तसंच ठेवायचं. ओव्या राहतील, स्वच्छ, कायमच्या. आवाजही त्यांचाच. किंवा सांधा धुवायचा. शिकलेलं सगळं पुसलं जाईल आणि साठ दिवस पहिल्यापासून. आणि काकू, खरं सांगते, दुसऱ्या वेळी किती वाटा उघडतील याचा नेम नाही. कदाचित पुष्कळ. कदाचित चार शब्द. कदाचित काहीच नाही."

"आणि त्या साठ दिवसांत ओव्या?"

"त्यांच्या कानावर पडता कामा नयेत. एकदाही नाही. मनातली ती वाट अजून ताजी आहे."

ऋजुताला हे ऐकून रडूच कोसळलं. "आई, असू दे ना गं. निदान आवाज तरी येतोय बाबांचा. मला रेकॉर्ड करून नेता येतो. नंतर काहीच आलं नाही तर?"

"तो आवाज त्यांचा आहे गं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "बोलणं माझं आहे."

"मग वाईट काय त्यात? तुझं बोलणं चांगलंच आहे!"

दुपारभर वैजयंतीबाई देव्हाऱ्यासमोर बसून राहिल्या. न मागता मिळालं होतं, आता ते परत करायचं होतं. शिवाय आईची अट : आपल्या घरी, आपल्या दिव्यापुढे, घराला ऐकू जाईल अशा. घर दोन खोल्यांचं. कुठे म्हटल्या तरी पलंगापर्यंत जाणारच. नेम राखायचा तर शब्द मोडतो, शब्द राखायचा तर नेम. देवीने काही कौल दिला नाही. तिचे डोळे रोजच्यासारखेच होते.

शेवटी त्या उठल्या. ज्याचं बोलणं, त्याला विचारलं पाहिजे. पण कसं? मानेच्या हो-नाहीवर भरवसा नव्हता.

माळ्यावर दिगंबररावांचा जुना पत्र्याचा डबा होता. शेवटच्या तांब्याच्या केबली उकरून काढल्या तेव्हा त्यांनी आठवण म्हणून त्यातले दोन हातभर तुकडे ठेवले होते : निळी आणि पांढरी तार, एकमेकींत पीळ घालून सांधलेल्या. वैजयंतीबाईंनी ती सांधलेली जोडी त्यांच्या डाव्या हातात दिली.

"अहो, ऐका. तुमच्या तोंडी माझं बोलणं बसलंय. माझ्याच हातून झालं. डॉक्टर म्हणतात, ते पुसता येतं. पण मग काहीच येणार नाही असंही होईल. आहे तसं ठेवायचं असलं तर ही जोडी उशाशी ठेवा. आणि पुसायचं असलं..."

दिगंबररावांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या मुठीत, आणि ओढलं. जुना पीळ पक्का होता, त्यांनीच घातलेला. तीनदा ओढावं लागलं. चौथ्या ओढीला तारा सुटल्या. घामाने डबडबलेल्या चेहऱ्याने त्यांनी निळी तार बायकोच्या हातात ठेवली आणि पांढरी आपल्याकडे ठेवली.

ऋजुता दारात उभी होती. ती आत गेली आणि नाशिकच्या गाडीत जागा राखून ठेवल्या.

सांधा धुवायला अर्धा तासही लागला नाही. डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, "काकू, शेवटचं एकदा ऐकायचंय का?" वैजयंतीबाईंनी नको म्हणून मान हलवली. ऐकलं असतं तर धीर सुटला असता. परत येताना गाडीत दिगंबरराव खिडकीबाहेर बघत होते. जुने टेलिफोनचे खांब अजून कुठे कुठे उभे होते, तारांशिवाय. त्यांनी एकदा तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्यांनी ते मिटलं, आणि बायकोला वाटलं, की ते बऱ्याच दिवसांनी स्वस्थ बसले आहेत.

घरी पोचेतो ऊन उतरलं होतं. वैजयंतीबाईंनी हातपाय धुतले, सोवळं नेसल्या, देव्हाऱ्यात दिवा लावला. हात जोडले. ओठ घट्ट मिटलेले.

"ऋजुता, बाबांजवळ बस. बोल त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. रोज नवं. तुझ्या त्या साहेबाचं सांग, जो मीटिंगमध्ये झोपतो."

ऋजुता डोळे पुसून हसली आणि पलंगाशी बसली. "बाबा, एक वल्ली आहे आमच्याकडे..." तिने सुरुवात केली.

वैजयंतीबाईंनी त्या दिव्यावरून दुसरी लहान पणती लावून घेतली. पंचपात्र आणि पळी पिशवीत ठेवली. नदीवर घाटाच्या पायऱ्यांशी या वेळी कुणी नसतं. ते आपलं घर नाही. तिथे म्हटलेल्या ओव्या घराला ऐकू जाणार नाहीत. पोचल्या तर पोचल्या. अट मोडते आहे हे त्यांना स्वच्छ कळत होतं आणि त्यासाठी त्यांनी देवीपाशी काही सबब सांगितली नाही. एवढंच मनात म्हटलं, की ओंजळ तुझी आहे, धर किंवा नको धरूस.

निघताना त्यांनी वळून पाहिलं. ऋजुताचं बोलणं ऐकता ऐकता दिगंबररावांनी डावा हात पलंगाबाहेर काढला होता. तळवा वर, बोटं जवळ घेतलेली.

तीर्थ ओव्यांनंतरच द्यायचं असतं. आणि डॉक्टरांनी बक्षिसाचं सांगितलेलं त्या विसरल्या नव्हत्या. पण आज ओव्या नव्हत्या, आणि हात त्यांचा त्यांनी पुढे केला होता.

वैजयंतीबाईंनी पिशवीतून पळी काढली आणि तांब्यातल्या पाण्याने भरली. न शिवता, वरून, एक शब्द न बोलता पाणी सोडलं. एक थेंबही सांडला नाही. दिगंबररावांनी ते पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पाणीच होतं.

मग वैजयंतीबाईंनी पणती पदराआड धरली, कडी वाजू नये म्हणून दार हाताने धरून लोटलं, आणि नदीच्या दिशेने चालू लागल्या.